जा म्हणणारे आईबाप

मुलाने गाव सोडायचा विषय काढला की आमच्या पिढीतले आईबाप म्हणतात, "तुमचं तुम्ही ठरवा, आमचं काही म्हणणं नाही." असं म्हणताना आपण फार मोकळ्या मनाचे आहोत असं त्यांना वाटतं. मुलगा मात्र आईचा चेहरा बघतो, वडिलांनी तोंडासमोर धरलेला पेपर बघतो आणि विषय मिटवून टाकतो. पुढे सहा-आठ महिने तो विषय निघतच नाही. मग नातवंडाचं नाव जवळच्याच शाळेत घातलं जातं, आणि कुणीच काही न ठरवता सगळं ठरून जातं. माझं म्हणणं असं की घरात चार-पाच वर्षांचं मूल असेल आणि ते जिथे वाढतंय ती जागा त्याच्यासाठी बरी नाही हे सगळ्यांना दिसत असेल, तर आजी-आजोबांना असं गप्प बसता येणार नाही. 'तुम्ही इथून निघा' हे त्यांनी स्वतःच्या तोंडाने, मुलाला आणि सुनेला समोर बसवून सांगायला हवं. आणि ते लवकर सांगायला हवं.

मी चंद्रपूरची. नोकरी जिल्हा परिषदेच्या शाळेत झाली, सासर-माहेर दोन्ही याच जिल्ह्यात, म्हणून उदाहरणही इथलंच देते. चंद्रपूर म्हटलं की बाहेरच्या माणसाला ताडोबा आठवतो. आम्हाला वीजकेंद्र आठवतं. १९८३ पासून चालू असलेल्या या केंद्राची क्षमता आज २,९२० मेगावॅट आहे, आणि ते उगाच इथे आलेलं नाही. दुर्गापूर, पद्मापूर, घुग्घुस, बल्लारपूर असा चहूबाजूंनी कोळसा आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये देशातल्या ८८ औद्योगिक पट्ट्यांचा प्रदूषण निर्देशांक काढला. त्यात अंकलेश्वर, वापी आणि गाझियाबाद यांच्या मागोमाग चंद्रपूर चौथं आलं, १०० पैकी ८३.८८ गुण घेऊन. आयुष्यभर गुणपत्रकं लिहिली, पण इतके गुण मिळाल्याचं इतकं वाईट कधी वाटलं नव्हतं. २०१० च्या जानेवारीत अशा ४३ पट्ट्यांमध्ये नव्या प्रकल्पांना मनाई झाली. पुढे ती बऱ्याच ठिकाणी टप्प्याटप्प्याने उठली.

आकडे बाजूला ठेवू. आमच्या गच्चीवर सकाळी झाडू फिरवला की सुपलीत काळपट, मऊ, बोटाला चिकटणारी धूळ गोळा होते. दुसऱ्या दिवशी तेवढीच पुन्हा. रात्रभर दोरीवर राहिलेला पांढरा पंचा झटकून मगच घरात आणायचा, दह्याचं भांडं उघडं ठेवायचं नाही, या गोष्टी इथल्या बायकांना कुणी शिकवाव्या लागत नाहीत. नात गच्चीवर अनवाणी पळून येते तेव्हा मोरीत तिचे पाय धुताना पाणी काळं निघतं. ती त्याला 'माझे बूट' म्हणते. वाफेचं मशीन, म्हणजे नेब्युलायझर, पूर्वी दवाखान्यात असायचं. आता आमच्या गल्लीत ते एका घरातून दुसऱ्या घरात फिरतं, आणि थंडीत "तुमच्याकडची मशीन रिकामी आहे का?" असा निरोप घेऊन कुणाचं तरी पोरगं दारात उभं असतं.

मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की मुलं सकाळी दहापासून संध्याकाळी सहापर्यंत कूलरसमोर. संध्याकाळी सोडावं म्हटलं तर दुर्गापूर आणि ऊर्जानगरच्या बाजूला अंधार पडायच्या आत पोरांना घरात घ्यावं लागतं. तिकडे २०२२ मध्ये वाघ-बिबट्यांनी माणसं मारली. पुण्याच्या नातेवाइकांना हे सांगितलं की ते आधी हसतात आणि मग सफारीचं बुकिंग कसं करायचं ते विचारतात. मला विचारायचं आहे ते एवढंच, की मोकळ्यावर खेळायला या मुलाला दिवसाचा कोणता तास उरतो?

यावर ठरलेलं उत्तर असतं, "आम्ही नाही का वाढलो इथेच?" वाढलो ना. पण आमची फुप्फुसं वाढत होती तेव्हा ही धुरांडी उभी राहिलेली नव्हती. शिवाय मोठ्या माणसाच्या आणि मुलाच्या श्वासात फरक असतो. वजनाच्या मानाने लहान मूल मोठ्या माणसापेक्षा जास्त हवा आत घेतं, आणि फुप्फुसांची वाढ पार विशीच्या आसपासपर्यंत चालू असते. अमेरिकेत दक्षिण कॅलिफोर्नियातल्या बारा वस्त्यांमधल्या शाळकरी मुलांची फुप्फुसं १९९३ पासून वर्षानुवर्षं तपासली गेली. त्यातली ११० मुलं मधल्या काळात घरच्यांबरोबर दुसरीकडे राहायला गेली, तेव्हा अभ्यासकांनी त्यांच्या मागोमाग तिथे जाऊन मोजमाप घेतलं. ज्यांची नवी जागा कमी धुळीची होती त्यांच्या फुप्फुसांच्या वाढीने वेग घेतला होता, आणि जी जास्त धुळीच्या ठिकाणी गेली त्यांची वाढ मंदावली होती. हा निष्कर्ष २००१ मध्ये छापून आला. मला त्यातली आशा महत्त्वाची वाटते. झालेलं नुकसान जागा बदलून काही प्रमाणात तरी भरून निघतं, पण त्यासाठी वाढीची वर्षं हातात शिल्लक असावी लागतात.

वर्षं शिल्लक असण्याची हीच गोष्ट दुसऱ्या एका प्रयोगात आणखी स्पष्ट दिसते. अमेरिकेतच १९९४ ते १९९८ या काळात बाल्टिमोर, बोस्टन, शिकागो, लॉस एंजेलिस आणि न्यूयॉर्क इथल्या गरीब सरकारी वसाहतींतल्या ४,६०४ कुटुंबांची सोडत काढली. काहींना कमी गरिबीच्या वस्तीत घर भाड्याने घेण्यासाठी मदत मिळाली, काहींना नाही. सुरुवातीची काही वर्षं निकाल निराशाजनक होते, कारण सगळे आईबापांची कमाई मोजत होते आणि ती वाढलेली नव्हती. २०१५ मध्ये अर्थतज्ज्ञ राज चेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीच मुलं मोठी झाल्यावर त्यांची कमाई पाहिली. तेरा वर्षांच्या आत ज्यांनी वस्ती बदलली होती त्यांची विशीतली कमाई, मदत न मिळालेल्या घरांतल्या मुलांपेक्षा सुमारे ३१ टक्क्यांनी जास्त निघाली. तेरानंतर ज्यांना हलवलं त्यांना फायदा झाला नाहीच, उलट थोडं नुकसानच झालं असं दिसलं. म्हणजे 'दहावी होऊ दे, मग बघू' असं जे आपल्याकडे सर्रास म्हणतात, ते नेमकं उलटं आहे. दहावीच्या पोराला त्याच्या मित्रांतून उचलून नेणं क्रूर असतं. बालवाडीतल्या पोरीला नेलं तर पंधरा दिवसांत तिला नवी मैत्रीण मिळते.

अमेरिकेचं इथे काय, असं कुणी म्हणेल. बरोबर आहे, आणि आपल्याकडचा दाखला जास्त अडचणीचा आहे. अहमदाबादमध्ये १९८७ साली झोपडपट्टीत राहणाऱ्या कष्टकरी बायकांसाठी घरांची सोडत निघाली. नवी घरं पक्की होती, पण शहरापासून सुमारे बारा किलोमीटर लांब. चौदा वर्षांनी अभ्यासक पुन्हा गेले तेव्हा कळलं की सोडतीत घर लागलेल्यांपैकी ३४ टक्के लोक तिकडे राहायला गेलेच नव्हते आणि आणखी ३२ टक्के काही काळाने निघून आले होते. ज्यांना घर लागलं होतं त्यांची कमाई न लागलेल्यांपेक्षा वाढलेली नव्हती, मुलांचंही काही वेगळं झालेलं नव्हतं. तुटली होती ती माणसं. अडीअडचणीला हातउसने देणारी, आजारपणात पोरं सांभाळणारी, लग्नाची बोलणी जुळवणारी भावकी मागे राहिली होती.

आईबाप 'जा' म्हणायला कचरतात त्यामागे हेच अहमदाबाद असतं, आणि त्यांची भीती खोटी नाही. पण त्यातून 'जाऊ नका' असा अर्थ काढणं मला पटत नाही. मी काढते तो अर्थ असा की सर्वांत चांगली जागा ही बहुधा सर्वांत लांबची नसते. आमच्या घरी पुणे, बेंगळुरू आणि नागपूर अशी तीन नावं निघाली होती. मुलाचा ओढा पुण्याकडे, कारण त्याचे सगळे मित्र तिथे. मी नागपूरच्या बाजूने बोलले. नागपूर काही थंड हवेचं ठिकाण नाही. उन्हाळा तिथेही भाजून काढतो, आणि कोराडी-खापरखेड्याला कोळशावरची वीजकेंद्रं आहेतच. म्हणून शहराचं नाव न बघता वस्ती बघायची. केंद्रांपासून लांब, शहराच्या दुसऱ्या टोकाला, शाळा चालत जाता येईल अशी, आणि मुलांना उतरून खेळता येईल असं मैदान जवळ असलेली. चंद्रपूरहून तीन तासांची वाट. तिथे चुलत दीर आहेत, सुनेची मावशी आहे. ताप चढला तर रात्री अकरा वाजता दार उघडणारं माणूस आहे. हवा थोडी बरी आणि माणसं शाबूत, हा सौदा मला हवा पुष्कळ बरी आणि माणूस एकही नाही यापेक्षा चांगला वाटतो.

कागदपत्रांच्या बाबतीतही फार लांबची जागा अडचणीची ठरते. शाळेत होते म्हणून हे मला इतरांपेक्षा आधी सुचतं. राज्याबाहेर जाणाऱ्यांनी मूल लहान असतानाच विचार करावा. महाराष्ट्राच्या अधिवास प्रमाणपत्रासाठी पंधरा वर्षांचं वास्तव्य दाखवावं लागतं, आणि इथल्या वैद्यकीय प्रवेशाच्या राज्य कोट्यात दहावी-बारावी कुठून केली हे बघितलं जातं. अनुसूचित जातीच्या किंवा जमातीच्या कुटुंबाला तर आणखी एक गोष्ट माहीत हवी. एका राज्यातल्या जातीच्या दाखल्यावर दुसऱ्या राज्यात आरक्षण मिळत नाही. बेंगळुरूला गेलेल्या घरातलं मूल बारावीला पोचतं तेव्हा ही गोष्ट कळते आणि घर हादरतं. हे आधी सांगणं आजी-आजोबांचं काम आहे. पगाराच्या पॅकेजचं गणित मुलगा करतोच, पुढच्या पंधरा वर्षांचं कुणीतरी करावं लागतं.

आपल्याकडे गाव सोडणं नवीन नाही, पण ते सोडण्याची रीत वेगळी होती. कोकणातला चाकरमानी मुंबईला गेला तो एकटा. बायको-पोरं गावी, मनीऑर्डर महिन्याला, भेट गणपतीला आणि शिमग्याला. तिथे जाणाऱ्याच्या कष्टातून गावातलं घर चालायचं, मूल मात्र होतं तिथेच वाढायचं. आज आपण ज्याबद्दल बोलतोय ते उलटं आहे. इथे मुलासाठी जायचं आहे आणि कमावणारा त्याच्यासोबत जातोय. कमाई कदाचित वाढणारही नाही. भाडं आणि पाळणाघर धरलं तर हातात पूर्वीपेक्षा कमीच उरेल. म्हणून 'पैसे किती जास्त मिळणार?' हा आमच्या पिढीचा पहिला प्रश्न इथे चुकीचा ठरतो.

पोरांसाठी गाव सोडणं म्हणजे काय, हे चंद्रपूरच्या माणसाला तर समजायला हवं. बाबासाहेब आंबेडकरांनी खेडं सोडा, शहराकडे चला असं आपल्या माणसांना बजावलं होतं, आणि नागपूरनंतर दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबर १९५६ ला, त्यांनी याच शहरात धम्मदीक्षा दिली. आमच्या गल्लीतल्या निम्म्या घरांची गोष्ट त्या पिढीपासून सुरू होते. कुणाचे आजोबा गावकीची कामं टाकून इथे आले, कुणाचे खाणीत लागले. ज्या गावात मान नव्हता ते गाव सोडताना त्यांनी जमिनीची, देवाची, शेजाऱ्यापाजाऱ्यांची फार फिकीर केली नाही. पोरं शिकली पाहिजेत, एवढं बघितलं. त्यांची नातवंडं आज म्हणतात, "आपलं गाव कसं सोडायचं?" ज्या गावाला आपण आपलं म्हणतो ते आपल्या आजोबांनी कुठलं तरी दुसरं गाव सोडून मिळवलेलं आहे, याचा आपल्याला चांगलाच विसर पडला आहे.

आणि मुलीच्या बाबतीत हा प्रश्न आपल्याला कधी पडला? माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न झालं तेव्हा तिला थेट रत्नागिरीला पाठवलं. राज्याच्या या टोकाहून त्या टोकाला. भाषेचा लहेजा वेगळा, खाणं वेगळं, वरून चार महिने पाऊस. तेव्हा कुणी म्हटलं नाही की तुमचं तुम्ही ठरवा. सगळ्या गावाने मिळून तिला 'जा' म्हटलं, रडत रडत म्हटलं, पण म्हटलं. आईला ती गेल्यावर जड गेलं, आणि ते जड जाणं सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. मुलगा जाणार म्हटल्यावर मात्र तेच दुःख एकदम सहन न होण्यासारखं कसं होतं? मुलगा म्हातारपणाची तजवीज म्हणून ठेवलेला असतो, हे उघड बोलायची आपली तयारी नसते म्हणून आपण गावाच्या मायेबद्दल बोलत राहतो.

यात माझा स्वार्थ काय आहे तेही सांगायला हवं, कारण नात सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा माझ्याकडे असते. सून बँकेत. नात गेली तर माझ्या दिवसाचं काय होईल हा प्रश्न मला पडतोच. पण सुनेच्या बाजूने बघितलं तर चित्र आणखी गुंतागुंतीचं आहे. इथे तिला पाळणाघराचा खर्च नाही, आजारी पोर टाकून कामावर जाताना धाकधूक नाही. नागपूरला दोन्ही येणार. पन्नास किंवा त्याहून जास्त माणसं कामाला असलेल्या आस्थापनेने पाळणाघराची सोय करावी असं २०१७ च्या दुरुस्तीने मातृत्व लाभाच्या कायद्यात आलं, पण छोट्या शाखेतल्या बाईला त्याचा काय उपयोग? म्हणून 'जा' म्हणणाऱ्या सासूने पुढचं वाक्यही म्हणायला हवं. पहिले काही महिने मी येते, तुमचं बस्तान बसलं की परत येते. हे दुसरं वाक्य नसेल तर पहिल्याचा सगळा भार सुनेच्या नोकरीवर पडतो. आणि ती नोकरी सोडून घरी बसली, तर मुलाला बरी हवा मिळाली पण त्याची किंमत घरातल्या एकाच बाईने मोजली, असं होईल.

माझा एक जुना सहकारी यावर चिडतो. तो म्हणतो, ज्यांना जमतं ते निघून गेले की मागे राहतात ते खाणीतले कंत्राटी कामगार, भाजीवाले, धुणंभांडी करणाऱ्या बायका. त्यांच्यासाठी मग भांडायचं कुणी? त्याचा मुद्दा खरा आहे. हे शहर जे काही थोडं सुधारलं ते इथे टिकून राहिलेल्यांनी भांडून सुधारलं. २०२१ मध्ये इथल्या रामाळा तलावासाठी इको-प्रो संस्थेच्या बंडू धोतरे यांनी उपोषण केलं तेव्हाच प्रशासन हललं. पण यावर माझं उत्तर आहे की भांडायला मी आहे. आम्ही साठीपुढची माणसं आहोत. आमची फुप्फुसं वाढून झाली, आमच्याकडे वेळ आहे, पेन्शन आहे, बदलीची भीती नाही. जनसुनावणीला जाऊन बसायचं, प्रदूषण नियंत्रण मंडळाला पत्रं लिहायची, राखेच्या टिप्परवर ताडपत्री का नाही म्हणून नाक्यावर अडवून विचारायचं, ही आमची कामं आहेत. चार वर्षांच्या मुलीने धूर खात राहिल्याने इथली हवा तसूभरही स्वच्छ होणार नाही.

'जा' म्हणण्याच्याही रीती असतात, आणि त्यातल्या बऱ्याच म्हणजे न म्हणण्यासारख्याच असतात. "जा, पण दर शनिवारी आलं पाहिजे." "जा, आमचं काय, आम्ही पडून राहू." "जा, आणि नाही जमलं तर घर आहेच." यातलं शेवटचं वाक्य सगळ्यांत प्रेमळ वाटतं आणि तेच सगळ्यांत जास्त मागे ओढतं. आमच्याकडे घर बांधताना स्लॅबच्या वर खांबांच्या सळया तशाच सोडतात, पुढे मुलासाठी वरचा मजला चढवायचा म्हणून. त्या सळया पावसात गंजत वर्षानुवर्षं उभ्या असतात आणि मुलाला रोज सांगत असतात की तुझी जागा ठरलेली आहे. आम्ही तर मजला बांधूनही टाकला. टाइल्स सुनेच्या पसंतीच्या, मोरी वेगळी, जिना बाहेरून. कर्ज फिटायला यांच्या निवृत्तीनंतरची दोन वर्षं लागली. त्या मजल्यासाठी मुलगा थांबला तर आम्ही घर नाही, खोडा बांधला असं होईल.

म्हणून आम्ही दोघांनी मुलाला आणि सुनेला बसवून सांगितलं. शाळेचं नवं वर्ष सुरू व्हायच्या आत निघा. आमच्या दोघांचा आरोग्य विमा काढलेला आहे, कागद कपाटात आहेत. रात्री-बेरात्री काही झालं तर शेजारचा ड्रायव्हर आहे, त्याच्याशी बोलून ठेवलं आहे. आमच्यापैकी एक गेलं की मग दुसऱ्याने कुठे राहायचं ते तेव्हा बघू, त्यासाठी आता थांबू नका. मुलाने पहिल्यांदा ऐकून घेतलं आणि तो उठून गेला. सुनेने विचारलं, "आई, खरंच म्हणताय की रागाने?" तिला तसं विचारावंसं वाटलं, कारण सरळ बोलायची सवय आपल्या घरांना नाहीच. मी म्हटलं, खरंच. वरचा मजला भाड्याने द्यायचा आहे, भाडेकरू बघायला सांगितलाय. जे भाडं येईल ते तुमच्या नागपूरच्या भाड्यात घाला. मुलगा अजून पैशांना नको म्हणतोय, पण शाळांची चौकशी करायला गेल्या आठवड्यात ते दोघं जाऊन आले.